शत्रूच्या सैनिकाला मारणं खून का ठरत नाही? आणि कधी ठरतं?

तळटीप

दुसऱ्या धाग्यावर गाडी भलतीकडेच गेली म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे शेवटी दोनच पक्ष उरले होते. एक म्हणतो युद्धात सगळं माफ, दुसरा म्हणतो गणवेश चढवला म्हणून खुनाचं शौर्य होत नाही. कायदा यांतलं काहीच म्हणत नाही, आणि जे म्हणतो ते दोघांनाही पचायला जड जाईल.

मूळ नियम असा. दोन देशांत सशस्त्र संघर्ष चालू असताना एका सैन्यातल्या सैनिकाने दुसऱ्या सैन्यातल्या सैनिकाला मारलं, तर त्या मारण्यासाठी त्याच्यावर खुनाचा खटला भरता येत नाही. घरी परतल्यावर नाही, आणि शत्रूच्या हाती सापडला तर तिथेही नाही. अमेरिकी यादवीच्या वेळी, १८६३ साली, लिंकनच्या सरकारने काढलेल्या लीबर संहितेच्या ५७व्या कलमात हे आहेच: सरकारने हाती शस्त्र दिलं आणि सैनिकाने एकनिष्ठेची शपथ घेतली की त्याने केलेली हत्या किंवा केलेल्या जखमा हे त्याचे वैयक्तिक गुन्हे राहत नाहीत. युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं ४३वं कलम याला लढाईत थेट भाग घेण्याचा हक्क म्हणतं. भारत, पाकिस्तान, अमेरिका, इस्रायल यांनी हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, पण हे तत्त्व त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या रूढ कायद्यातलं आहे.

आता याचीच दुसरी बाजू. ज्याला मारायचा हक्क आहे, त्याला मारताही येतं. आणि ते तो आत्ता काय करतोय यावरून ठरत नाही, तो त्या सैन्याचा आहे एवढ्यावरून ठरतं. जेवत असो, ट्रक चालवत असो, तळावर बसून पगारपत्रकं भरत असो. सैन्यातले डॉक्टर, वैद्यकीय सेवक आणि धर्मगुरू तेवढे वगळलेत.

मात्र हा परवाना एका क्षणात संपतो. शरण आला, हाती लागला, जखमी होऊन किंवा शुद्ध हरपून स्वतःचा बचावही करता येईना, की तोच माणूस पुढच्या सेकंदाला कायद्याच्या संरक्षणाखाली येतो. त्यानंतर झाडलेली गोळी हा युद्धगुन्हा. १९०७च्या हेग नियमांतल्या २३व्या कलमात शरणागताला मारण्यावर बंदी आहे, आणि 'कुणालाही जिवंत सोडायचं नाही' असं नुसतं जाहीर करण्यावरही आहे. १९९८च्या रोम कायद्याने या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत आणल्या.

माझा मुद्दा एवढाच की सगळा कायदा त्या एका सेकंदाच्या आगेमागे उभा आहे. त्यावर बोलूया. 'आपले' आणि 'त्यांचे' यावर बोलायला तो दुसरा धागा आहेच.

चकवा

वाचतोय. पण झोपलेल्या माणसाला मारणं कायदेशीर? खरंच?

तळटीप

खरंच. झोप म्हणजे शरणागती नव्हे. पहाटेच्या छाप्यात बराकीतले निजलेले सैनिक मारले तर त्यात बेकायदा काही नाही. ओढ्यावर कपडे काढून आंघोळीला उतरलेला सैनिकही तसाच. पहिल्या महायुद्धात लढलेल्या काहींनी असा उघडा माणूस नेमात आल्यावर गोळी झाडवली नाही असं लिहून ठेवलंय. ती त्यांची माणुसकी झाली. कायद्याने ती मागितलेली नव्हती.

शमीवृक्ष

या बाबतीत आपल्याकडचं जुनं शास्त्र आजच्या कायद्याहून कडक आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कुणाला मारू नये याची यादी आहे. हात जोडलेला, केस मोकळे सुटलेला, खाली बसलेला, 'मी तुझाच' म्हणणारा, झोपलेला, चिलखत उतरवलेला, नग्न, निःशस्त्र, नुसता बघत उभा असलेला, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेला. विषारी आणि काटेरी शस्त्रांनाही मनाई. यातले हात जोडलेला आणि 'मी तुझाच' म्हणणारा हे दोघेच आजच्या नियमांत जसेच्या तसे उतरलेत. झोपलेला आणि चिलखत उतरवलेला यांना जिनिव्हा करारांनी वाऱ्यावर सोडलंय.

सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो त्याला आपण अधर्म म्हणतो. आजच्या लष्करी वकिलाला विचारलं तर तो म्हणेल, छापा यशस्वी झाला.

तिरकस

आणि त्या नियमांचं कुरुक्षेत्रावर काय झालं तेही सांगा की. अठरा दिवसांत किती पाळले गेले?

शमीवृक्ष

फारसे नाहीत. पण प्रत्येक वेळी मोडल्यावर कुणीतरी विचारलंय, हे कसं चाललं? नियम नसता तर तो प्रश्नही नसता.

सावनी

तळटीप, लेख आवडला, पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. समजा एका देशाने विनाकारण दुसऱ्यावर स्वारी केली. स्वारी करणाऱ्या सैन्यातला सैनिक आपलं घर राखणाऱ्या सैनिकाला मारतो. त्यालाही हेच संरक्षण? दरोडेखोराने घरमालकाला मारलं तर तिथे आपण 'दोघांच्याही हातात शस्त्र होतं' असं म्हणत नाही.

तळटीप

त्यालाही हेच संरक्षण. युद्ध पुकारणं कायदेशीर होतं का हा एक प्रश्न आणि युद्धात कोण कसं लढलं हा दुसरा, आणि कायद्याने या दोहोंमध्ये मुद्दाम भिंत घातली आहे. पहिल्याचं उत्तर राज्यकर्त्यांनी आणि वरच्या सेनापतींनी द्यायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर न्यूरेंबर्गला खटला चालला, तिथे आक्रमक युद्धाचा आरोप होता तो नेतृत्वावर. पोलंडची सीमा ओलांडणाऱ्या साध्या जर्मन शिपायावर पोलिश सैनिक मारल्याबद्दल खुनाचे खटले भरले गेले नाहीत. कैद्यांना किंवा नागरिकांना मारलं असेल तर गोष्ट वेगळी.

भिंत का, तर कारण व्यवहारी आहे. प्रत्येक पक्ष स्वतःला न्याय्यच समजतो. 'अन्यायी' बाजूच्या सैनिकाला संरक्षण नाही असं म्हटलं की दोन्हीकडचे पकडलेले सैनिक उभे करून फासावर जातील. शिवाय ज्याला पकडल्यावर फाशीच आहे तो शरण कशाला येईल?

सावनी

व्यवहारी कारण कळलं. पण मग हे नैतिक नाही असं तरी म्हणा. जेफ मॅकमहानसारखे तत्त्वज्ञ नेमकं हेच म्हणतात, की अन्यायी बाजूने लढणाऱ्याला मारण्याचा नैतिक हक्क नसतोच, कायदा फक्त शिक्षा करत नाही. शिक्षा न होणं आणि हक्क असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रोटोकॉलने सरळ हक्क हाच शब्द वापरलाय, आणि मला टोचतो तो तोच.

तळटीप

टोचायला हवा. माझंही मन तुमच्याच बाजूने आहे, पण खंदकात उतरलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने आपल्या सरकारचा दावा तपासून मग गोळी झाडायची, ही अपेक्षा कायदा करू शकत नाही.

माजी पायदळ

उशिरा आलोय. मी पायदळात होतो, त्यामुळे कलमांपेक्षा प्रत्यक्षातलं बोलतो.

वर 'एका क्षणात' लिहिलंय ते बरोबर, पण तो क्षण कुणाच्या लक्षात यायला हवा? समोरच्याच्या मनात शरण यायचं आहे एवढ्याने भागत नाही. ते त्याने स्पष्ट दाखवावं लागतं आणि माझ्या जागेवर उभ्या असलेल्या शहाण्या माणसाला ते कळायला हवं. शस्त्र टाकणं, हात वर करणं, लपल्या जागेतून बाहेर येणं. खंदक साफ करताना वळणावर आधी हातगोळा जातो, मागून माणूस. आत कुणी हात वर केले होते का हे हातगोळ्याला दिसत नाही, आणि त्यासाठी कुणालाही गुन्हेगार ठरवत नाहीत.

पळणं म्हणजे शरण येणं नव्हे, हे लोकांना पटत नाही. १९९१च्या फेब्रुवारीत कुवेतमधून माघार घेणाऱ्या इराकी सैन्याच्या गाड्यांच्या रांगांवर हवाई हल्ले झाले. त्या रस्त्याचे फोटो बघून जग हळहळलं. पण माघार घेणारं सैन्य शस्त्रांसकट जात असतं, उद्या तेच फिरून उभं राहतं. कायद्याच्या नजरेत ते लक्ष्यच. त्यात नागरिक किती होते हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. त्याच युद्धात अमेरिकेच्या पहिल्या इन्फंट्री डिव्हिजनने रणगाड्यांना नांगर लावून खंदक बुजवले आणि इराकी सैनिक आत गाडले गेले. पेंटागॉनने १९९२च्या अहवालात हेही कायद्यात बसतं अशी भूमिका घेतली. हल्ला सुरू असताना थांबून 'शरण येता का' असं विचारण्याची सक्ती नाही, आलेल्याला स्वीकारण्याची आहे.

आणि पॅराशूटचं राहिलं. कोसळणाऱ्या विमानातून जीव वाचवायला उडी मारलेल्या वैमानिकाला हवेत मारता येत नाही. उतरल्यावर त्याला शरण यायची संधी द्यावी लागते. पण छत्रीधारी सैनिक हल्ल्यासाठी उतरत असतील तर हवेतच मारता येतात. छत्री तीच, हेतू वेगळा.

चकवा

हा प्रतिसाद आधीच्या सगळ्या कलमांहून जास्त कळला. जखमी सैनिकाचं काय काका?

माजी पायदळ

जखम झाली म्हणून संरक्षण नाही. पायात गोळी लागूनही बंदूक चालवतोय तो लढतोच आहे. तो लढायचा थांबला, शस्त्र सुटलं, की हात लावायचा तो औषधपाण्यासाठी. मेल्याचं सोंग घेऊन जवळ आल्यावर गोळी घालणारा मात्र सगळ्यांचं वाटोळं करतो, कारण त्यानंतर त्या आघाडीवर खऱ्या जखमीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. शरण येतोय असं भासवून मारणं म्हणूनच स्वतंत्र गुन्हा आहे. दबा धरणं, खोटी हालचाल दाखवणं, बनावट रेडिओ संदेश पाठवणं या युक्त्या चालतात. पांढरं निशाण किंवा रेडक्रॉसच्या खुणेआड लपून मारणं चालत नाही.

तिरकस

सगळं छान आहे हो, पण हे कायदे शिक्षा कुणाला करतात? हरलेल्याला. जर्मन जनरल डोस्टलर यांनी १९४४च्या मार्चमध्ये इटलीत पकडलेल्या, गणवेशातल्या १५ अमेरिकी सैनिकांना गोळ्या घालायला लावल्या. १९४५च्या डिसेंबरात त्यांनाच गोळ्या घातल्या गेल्या. ठीक आहे. पण १९४०च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी रशियातलं कातीनचं जंगल आणि इतर काही ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश कैदी मारले, त्यांत हजारो सैन्याधिकारी. न्यूरेंबर्गला सोव्हिएत वकिलांनी तो आरोप उलट जर्मनांवरच लावला! तिथे तो टिकला नाही आणि निकालपत्रात गुपचूप गळाला. मॉस्कोने कबुली दिली १९९० साली. शिक्षा किती जणांना? शून्य.

तळटीप

कातीनला माझ्याकडे उत्तर नाही आणि शोधूही नये. पण 'फक्त हरलेल्याला' हे पूर्ण खरं नाही. ब्रिटनचे मरीन सार्जंट अलेक्झांडर ब्लॅकमन यांनी २०११ साली हेल्मंडमध्ये गंभीर जखमी अवस्थेत हाती लागलेल्या अफगाण बंडखोराला जवळून गोळी घातली. २०१३ साली त्यांच्याच देशाच्या लष्करी न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल जन्मठेप दिली. २०१७ साली अपिलात मनःस्थितीचा विचार होऊन तो सदोष मनुष्यवध ठरला आणि त्याच वर्षी ते सुटले. कॅनडाचे कॅप्टन सेमराऊ यांचंही असंच. २००८ साली मरणासन्न तालिबानी सैनिकाला गोळ्या घातल्याचा आरोप. २०१० साली खुनातून सुटका, पण लज्जास्पद वर्तनाबद्दल दोषी आणि सैन्यातून बडतर्फ.

तिरकस

एक सुटला आणि एकाची नोकरी गेली. तुमच्याच उदाहरणांनी माझं काम केलं.

माजी पायदळ

तिरकस, सेमराऊंच्या खटल्यावर आमच्यात पुष्कळ वाद व्हायचे. वेदनेतून सोडवणं हा बचाव कायद्यात नाही, असूही नये असं मला वाटतं. 'याचं काही खरं नाही' हे त्या धुराळ्यात ठरवणारा डॉक्टर नसतो, आणि हा दरवाजा किलकिला केला की त्यातून सगळेच जातील. ब्लॅकमनबद्दल लोक सहानुभूती दाखवतात तेव्हा मी गप्प बसतो. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात आवाज आहे, आपण जिनिव्हा करार मोडला हे ते स्वतः म्हणतात. नियम माहीत नव्हता असं नाही.

कोरा कागद

एक मूलभूत शंका. ब्लॅकमनच्या प्रकरणातला अफगाण बंडखोर काही कुठल्या देशाचा सैनिक नव्हता. मग त्याला हा कायदा लागू कसा?

तळटीप

चांगलं झालं विचारलंत, इथे बरेच जण घसरतात. वर मी जो हक्क म्हणालो तो देशादेशांतल्या युद्धातला. देशांतर्गत सशस्त्र संघर्षात बंडखोराला तो मिळत नाही. त्याने फक्त सैनिकच मारले, नागरिकाला धक्काही लावला नाही, तरी सरकार त्याच्यावर साध्या फौजदारी कायद्याखाली खुनाचा खटला भरू शकतं. लढाई संपल्यावर जमेल तितकी माफी द्यावी असं १९७७चा दुसरा प्रोटोकॉल सुचवतो, पण बंधन नाही. सरकारांनी हे स्वतःच्या सोयीने करून ठेवलंय, कारण बंडाला कायदेशीर हक्क कोण देईल?

पण हाती लागल्यावर जीव घेता येत नाही हे तिथेही आहे. चारही जिनिव्हा करारांत सारखंच असलेलं तिसरं कलम त्याचसाठी आहे. लढाईतून बाद झालेल्या कुणालाही मारायचं नाही, मग तो कुणीही असो.

त्याच्याही खाली आणखी एक पायरी आहे: सशस्त्र संघर्षच नाही, नुसता हिंसाचार किंवा दहशतवादी कट आहे. तिथे सैनिक पाठवले तरी नियम पोलिसांचे. मार्च १९८८मध्ये जिब्राल्टरला ब्रिटिश कमांडोंनी आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या तिघांना मारलं. स्फोट घडवण्याचा त्यांचा कट होता, पण त्या वेळी तिघेही निःशस्त्र निघाले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९५ साली १० विरुद्ध ९ मतांनी ब्रिटनला दोषी धरलं. गोळी झाडणाऱ्यांना नव्हे बरं का. त्यांना सांगितलेल्या माहितीवर त्यांचा विश्वास प्रामाणिक होता. दोष दिला तो कारवाईच्या आखणीला.

सावनी

म्हणजे माझा मूळ प्रश्न असा होतो: पकडणं सहज शक्य असताना मारलं तर? समोरच्याने हात वर केलेले नाहीत, पण तो एकटा आहे, बंदूक हातात नाही, तुम्ही दहा जण आहात. शरण आला नाही म्हणून मारायचं?

तळटीप

इथे तज्ज्ञांतही हाणामारी आहे. रेडक्रॉसचे जाँ पिक्ते यांचं सूत्र प्रसिद्ध आहे: पकडून काम होत असेल तर जखमी करू नये, जखमी करून होत असेल तर मारू नये. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००९च्या मार्गदर्शिकेत तेच जरा मवाळ करून आणलं: परिस्थितीनुसार खरोखर गरजेचं असेल तेवढंच बळ वापरावं. त्यावर एवढा गदारोळ झाला की सल्ल्याला बोलावलेल्या काही तज्ज्ञांनी आपली नावं काढून घेतली. लष्करी वकिलांचं म्हणणं, हा पोलिसी नियम रणांगणात घुसवताय. रायन गुडमन यांनी २०१३ साली उलट बाजू मांडली की करारांच्या मूळ चर्चांतच हे बंधन आहे. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६च्या निकालात म्हटलं की लढाईत भाग घेणाऱ्या नागरिकाला अटक करून खटला चालवणं शक्य असेल तर तेच करावं. पण ते नागरिकांबद्दल, आणि जिथे आपला ताबा आहे अशा प्रदेशाबद्दल. गणवेशातल्या सैनिकाबद्दल बहुतेक देश असं बंधन मानत नाहीत.

माजी पायदळ

सावनीताई, दहा विरुद्ध एक असेल तर कुठलाही बरा सेक्शन कमांडर पकडूनच आणेल, कारण जिवंत माणूस माहिती देतो. पण 'न पकडल्यास गुन्हा' असं लिहिलंत तर प्रत्येक गोळीनंतर न्यायालयात अंतर मोजत बसावं लागेल. काही गोष्टी कमांडरच्या अकलेवर सोडाव्यात.

सावनी

अक्कल प्रत्येकाकडे असती तर कायदेच लागले नसते. असहमत, पण तुमचं म्हणणं कळलं.

कोरा कागद

नाव घेऊन एकाच माणसाला टिपणं? ती राजकीय हत्या नाही का?

तळटीप

नाव माहीत असल्याने लक्ष्य बेकायदा होत नाही. एप्रिल १९४३मध्ये जपानचे अॅडमिरल यामामोतो यांच्या प्रवासाचा सांकेतिक संदेश अमेरिकनांनी फोडला आणि बूगनव्हीलवर विमानं वाट बघत ठेवून त्यांचं विमान पाडलं. युद्ध चालू होतं, यामामोतो गणवेशातले, जपानी नौदलाच्या संयुक्त ताफ्याचे प्रमुख होते, पाडणारी विमानंही उघड लष्करी. बहुतेक कायदेतज्ज्ञ हे वैध मानतात. मे १९४२मध्ये प्रागला नाझी अधिकारी हायड्रिखवर हल्ला करणारे मात्र साध्या कपड्यांत होते. हायड्रिख गेल्याचं दुःख मलाही नाही, पण वाद त्या कपड्यांचा आहे. नागरिक म्हणून जवळ जाऊन मारलं की त्याचा परिणाम खऱ्या नागरिकांवर होतो, पुढच्या वेळी तेच संशयित.

जानेवारी २०२०मध्ये बगदादला अमेरिकी हल्ल्यात इराणचे जनरल सुलेमानी मारले गेले तेव्हा आधीचाच प्रश्न सुटत नव्हता: तेव्हा या दोन देशांत युद्ध होतं का? संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या विशेष प्रतिवेदक आन्येस कालामार यांनी २०२०च्या अहवालात ती हत्या बेकायदा म्हटली, कारण तातडीच्या धोक्याचा पुरावा पुढे आला नव्हता. अमेरिकेने स्वसंरक्षण म्हटलं.

चकवा

अवांतर: डमडम गोळ्यांवर बंदी आहे ना? मारायचंच आहे तर कशाने मारलं याचा काय संबंध?

तळटीप

१८६८च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेपासूनचं तत्त्व आहे: उद्देश शत्रूचं बळ कमी करण्याचा, त्यासाठी माणूस लढण्यातून बाद झाला की पुरे. मरण अटळ करणारी किंवा विनाकारण यातना वाढवणारी शस्त्रं नकोत. म्हणून ४०० ग्रॅमखालचे फुटणारे गोळे तेव्हा बंद झाले, १८९९ साली शरीरात फुलणाऱ्या, म्हणजे डमडम गोळ्या. गंमत म्हणजे पोलीस त्या वापरू शकतात, सैन्य नाही. गोळी शरीरात अडकते, मागच्या माणसाला लागत नाही, म्हणून पोलिसांना सूट. अश्रुधुराचंही तेच. १९९३च्या रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार दंगलीत चालतो, लढाईत बंदी.

तिरकस

म्हणजे लढाईत शत्रूला गोळी घालता येते पण रडवता येत नाही. धन्य.

कोरा कागद

ड्रोनला शरण कसं जायचं? हे विनोद म्हणून नाही विचारत.

माजी पायदळ

विनोद नाहीच. १९९१ साली फैलका बेटावर इराकी सैनिकांनी अमेरिकी युद्धनौकेच्या वैमानिकरहित विमानाला पांढरी फडकी दाखवली होती, तेव्हा लोक हसले. युक्रेनने २०२२ साली रशियन सैनिकांसाठी ड्रोनला शरण यायची रीत प्रसिद्ध केली: दिसल्यावर शस्त्र टाका, हात वर करा, ड्रोनमागे चालत या. उलट उदाहरणही आहे. २००७ साली इराकमध्ये दोघे अपाचे हेलिकॉप्टरला शरण यायला बघत होते. चालकदलाने तळावर विचारलं, आणि फुटलेल्या नोंदींनुसार तिथल्या वकिलाचं उत्तर आलं की विमानाला शरण येता येत नाही, ते अजून वैध लक्ष्य आहेत. दोघेही मारले गेले.

माझ्या मते तो सल्ला चुकीचा होता. ताब्यात घेता येत नाही हा घेणाऱ्याचा प्रश्न आहे.

चकवा

पण खरंच ताब्यात घेता येत नसेल तर? शत्रूच्या मुलखात खोल गेलेली चार जणांची तुकडी. एक सैनिक समोरून हात वर करून येतो. बरोबर नेता येत नाही, मागे पाठवता येत नाही.

तळटीप

लीबर संहितेत याला पळवाट होती. ६०व्या कलमाने द्वेषापोटी दया नाकारायला मनाई केली, पण स्वतःचाच जीव वाचणार नाही अशा बिकट अवस्थेत कैदी न घेण्याची मुभा सेनापतीला दिली. पुढे ती मुभा गेली. पहिल्या प्रोटोकॉलचं ४१वं कलम अशा कैद्याबद्दल सरळ सांगतं: सोडून द्या, आणि त्याच्या सुरक्षिततेची शक्य ती काळजी घ्या.

तिरकस

सोडून द्यायचा, आणि तासाभरात त्याने तोफखान्याला तुमचा ठावठिकाणा सांगितला की चौघेही खलास. हे कलम लिहिणारा कधी गस्तीवर गेला होता?

तळटीप

लिहिणाऱ्यांना तो धोका माहीत होता. म्हणून तर कलम लिहावं लागलं. धोका नसता तर कुणीही सोडलंच असतं.

माजी पायदळ

तिरकस, मोहीम बोंबलणार हे नक्की. पण सोडणं म्हणजे लगेच, होता तसा सोडणं नव्हे. शस्त्र आणि रेडिओ काढून घ्यायचा. जवळ असेपर्यंत त्याला आपला नकाशा, आपली दिशा, आपली संख्या काही कळू द्यायची नाही. कुणाला सांगायला परत पोचायला त्याला वेळ लागेल इतक्या लांब नेऊन सोडायचा, पाणी ठेवायचं. बांधून उन्हात किंवा बर्फात टाकून जाता येत नाही, ते मारण्यासारखंच झालं. आणि तो नजरेआड झाला की रेडिओवर मोहीम फुटल्याचं कळवून ठरलेल्या मार्गाच्या उलट दिशेने निघायचं.